तिशरीतली पंगत

२०२५ साली २२ सप्टेंबरला सकाळी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर घटस्थापनेच्या फुलांसाठी झुंबड उडाली होती, आणि त्याच संध्याकाळी सूर्य मावळला तसं आमचं, म्हणजे बेने इस्रायल ज्यूंचं, नवं वर्ष लागलं, रोश हशाना, हिब्रू सन ५७८६. पुढे दसऱ्याच्या दिवशी आमचा योम किप्पूर, उपासाचा आणि क्षमेचा दिवस, आला आणि कोजागिरीच्या रात्री सुक्कोथ, मांडवांचा सण, सुरू झाला. अनेकांना हा योगायोग वाटतो, पण तसं नाही. आमचेही महिने चंद्रावर चालतात, आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून आम्हीही अधिक महिना धरतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. दोन्ही पंचांगांत तो अधिक महिना एकाच वेळी पडत नाही, म्हणून एखाद्या वर्षी महिनाभराचा फरक होतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि आमचा योम किप्पूर गणपतीत आला. एरवी आमचा तिशरी महिना आणि शेजाऱ्यांचा आश्विन बरोबरच लागतात.

या एका महिन्यात आमचे मोठे सण एकामागोमाग एक येतात: रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ, सिम्हाथ तोरा. आम्ही बेने इस्रायल. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगावला, आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आमचा समाज वाढला, अशी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली हकीकत आहे. नवगावला त्यांच्या स्मरणार्थ स्तंभही उभारलेला आहे. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या दिवशी, शब्बाथला, घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर ही आडनावं त्याच गावांवरून आली. घरात मराठीच. प्रार्थना हिब्रूतून म्हणतो, पण हिशेब, भांडणं आणि अंगाई सगळं मराठीतून.

देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला आमची संख्या वीस हजारांच्या घरात होती. नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली आणि आज भारतात काही हजार माणसं राहिली आहेत. त्यातली बरीच ठाण्यात आहेत, म्हणून सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावरचा आमचा सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १८७९ साली बांधलेला शाआर हाशामाईम, अजून सणाला भरतो. माझा मुलगा आणि सून इस्रायलमध्ये अशदोदला असतात. नातू तिकडेच जन्मला. आमच्या वयाच्या बहुतेक जोडप्यांची हीच गत आहे. पूर्वी सणाची प्रार्थना सिनेगॉगमध्ये आणि जेवण आपापल्या घरी, अशी पद्धत होती. फक्त योम किप्पूरचा उपास सगळे मिळून सोडायचे. पण २०२४ च्या रोश हशानाला आमच्या ओळखीच्या एका अंकलनी घरी एकट्यानेच किद्दुश, म्हणजे सणाच्या जेवणाआधीचा आशीर्वाद, म्हटला, ब्रेड मोडला आणि कालचं वरण गरम करून जेवले, हे नंतर कानावर आलं आणि मला झोप लागेना. सिनेगॉगमध्ये माझ्यासमोर खाली बसलेला माणूस सणाच्या रात्री एकटा जेवला आणि मला पत्ता नव्हता. म्हणून आम्ही काही बायकांनी ठरवलं की या तिशरीत प्रत्येक सणाचं निदान एक जेवण सिनेगॉगच्या आवारात, सगळ्यांनी मिळून. स्वयंपाकाची जबाबदारी मी घेतली.

महिना खरं तर आधीपासूनच सुरू होतो. नव्या वर्षाच्या आधीच्या एलूल महिन्यात पहाटे सेलिहोथ असतात, क्षमेच्या प्रार्थना. अंधार असतानाच जायचं. आमच्याकडे बायका वरच्या सज्जात बसतात आणि पुरुष खाली. मधोमध तेवा, म्हणजे कठडा घातलेला लाकडी चौथरा, त्यावर हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, उभा राहतो. पश्चिमेच्या भिंतीला हेखाल, ज्यात तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवलेल्या असतात. पश्चिमेला, कारण इथून यरुशलेम त्या दिशेला येतं. वरून खालच्या डोक्यांवरच्या टोप्या मोजता येतात, आणि ते मोजणं गरजेचं असतं. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. दहा झाले नाहीत तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. पहाटेच्या वेळी नऊवर गाडी अडते. मग शमाश, सिनेगॉगची व्यवस्था पाहणारा, दारापर्यंत जाऊन येतो, कुणीतरी फोन लावतं, हझान पानं चाळत थांबतो. आमचा दहावा बहुतेक वेळा एक तरुण मुलगा असायचा. तो रात्रपाळी करून ऐरोलीहून थेट यायचा, पाठीवर लॅपटॉपची बॅग, डोळे लाल. तो दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनांच्या डबीला, हात लावून बोटं ओठांना टेकवायचा आणि आत पाऊल टाकायचा, की खालून सगळ्यांचा आवाज एकदम उठायचा: ‘हातानु लेफानेखा, राहेम आलेनु.’ आम्ही तुझ्यापुढे पाप केलं, आमच्यावर दया कर. ज्यांना हिब्रू वाचता येत नाही, त्यांनाही ही ओळ पाठ असते.

प्रार्थनेनंतर आवारातल्या बाकांवर चहा आणि खारी. महिन्याची पहिली पंगत हीच. त्या मुलाला चहा देताना मी विचारलं, ‘घरी जाऊन काय खातोस रे?’ तो म्हणाला, ‘काही नाही काकू, झोपतो.’ दुसऱ्या दिवसापासून कुणी ना कुणी त्याच्यासाठी डब्यात घावन किंवा पोहे आणू लागलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

रोश हशानाच्या आधी सगळ्यात मोठं काम चिकाच्या हलव्याचं. त्याशिवाय आमच्याकडे नवं वर्ष लागत नाही. हल्ली पुष्कळ घरांत कॉर्नफ्लॉवर किंवा चायना ग्रास घालून करतात, त्याला मी नावं ठेवत नाही. पण गव्हाच्या चिकाची चव त्याला येत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पंचातून पिळून काढायचे. ते पांढरं पाणी रात्रभर ठेवलं की चीक तळाला बसतो. वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. मग चीक, नारळाचं दूध आणि साखर एकत्र करून जाड बुडाच्या पातेल्यात शिजवायला घ्यायचं आणि हात थांबवायचा नाही. नारळाचं दूध का? कारण मांसाबरोबर किंवा मांसाच्या जेवणानंतर लगेच गाई-म्हशीचं दूध आम्हाला चालत नाही, आणि सणाच्या जेवणात मटण असतंच. कोकणात नारळ दारात, त्यामुळे आमच्या आज्या-पणज्यांना या नियमाची अडचण कधी वाटली नसावी.

ऐंशी पार केलेल्या एका मावशींना आम्ही खुर्ची टाकून चुलीजवळ बसवलं. त्यांच्या हाताला आता ढवळणं झेपत नाही, पण नजर पक्की. पहिला अर्धा तास पातेल्यात नुसतं दुधाळ पाणी फिरत होतं. नंतर कलथ्याला जडपणा आला, मग गाठी होतील की काय अशी भीती, मग एकाएकी सगळं चकचकीत झालं. आम्ही आलटून पालटून ढवळत होतो, घाम कपाळावरून कानामागे. एका सुनेनं विचारलं, ‘मावशी, झालं?’ मावशी म्हणाल्या, ‘कडा सोडतोय का बघ. नाही ना? मग नाही झालं.’ मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर. अखेर हलवा पातेल्याच्या कडा सोडून गोळ्यासारखा एकत्र फिरायला लागला, तेव्हा त्यांनी स्वतः उठून वेलची आणि जायफळ घातलं. रंग फिका गुलाबी. थाळ्यांत ओतला, वरून बदाम-पिस्त्याचे काप दाबले. थंड झाल्यावर शंकरपाळ्याच्या आकारात कापला. त्या दुपारी त्या सुनेनं सगळी कृती फोनमध्ये चित्रित करून घेतली. बायकांनी मिळून असं सणाचं काम करणं आमच्याकडे जुनं आहे. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हगादामध्ये, म्हणजे पेसाह सणाच्या पोथीमध्ये, नऊवारी नेसलेल्या बायका मिळून बिनखमिराची भाकरी, मात्सा, करताना दाखवल्या आहेत. मला ते चित्र फार आवडतं, कारण त्यातल्या बायकांची बसण्याची तऱ्हा माझ्या आजीची आहे.

मांसाचंही सांगते. कोंबडी-बकरं आमच्या पद्धतीनं कापलेलं असावं लागतं, म्हणून ते शोहेथकडूनच, म्हणजे धर्माच्या नियमांप्रमाणे कापणाऱ्याकडूनच, येतं. मग मांस अर्धा तास पाण्यात ठेवायचं, जाड मीठ लावून तासभर उतरत्या फळीवर निथळायचं आणि तीनदा धुवायचं, म्हणजे रक्ताचा अंश राहत नाही. शंभरएक माणसांसाठी हे करायचं म्हणजे सकाळ संपते. मासा आणायचा तर खवल्यांचा आणि परांचा. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या आम्ही खात नाही, आणि कोकणात राहून ते न खाणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसालाच कळेल.

रोश हशानाच्या सकाळी हेखालावरचा नेहमीचा पडदा काढून पांढरा लावलेला असतो. प्रार्थना लांबलचक चालते, मुलं कंटाळून आवारात पळतात. पण शोफार फुंकायची वेळ आली की आया त्यांना धरून आत आणतात. शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग. एक लांब सूर, मग तीन तुटक, मग थरथरते छोटे छोटे, असे मिळून शंभर. त्या दिवशी दोन-तीन सूर नीट निघेनात, नुसती हवा. सगळा सिनेगॉग श्वास धरून उभा. फुंकणाऱ्या अंकलनी ओठ पुसले, शिंग किंचित तिरपं धरलं आणि असा सूर काढला की टेंभी नाक्यावरच्या देवीच्या मांडवात ऐकू गेला असेल.

मग पंगत. आधी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या सरबतावर किद्दुश. आमच्या पूर्वजांना कोशर, म्हणजे धर्माला चालणारी, वाईन कुठून मिळणार, म्हणून हे सरबत, आणि आता वाईन मिळत असली तरी आम्हाला हेच हवं असतं. त्यानंतर ताटातल्या एकेका गोष्टीवर आशीर्वाद म्हणत थोडं थोडं खायचं. मधातलं सफरचंद, वर्ष गोड जावं म्हणून. खजूर. चवळी, पुण्य वाढावं म्हणून. भोपळा, बीट, कांद्याची पात, डाळिंब, ज्याच्या दाण्यांइतकी सत्कर्मं आपल्या हातून व्हावीत. मग नारळाच्या दुधातलं मटण, भात, आणि हलवा. एकट्यानं जेवलेले ते अंकल त्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसले होते. त्यांनीच मुलांना प्रत्येक आशीर्वादाचा मराठी अर्थ सांगितला. सांगता सांगता त्यांच्या लहानपणच्या पनवेलच्या सणांवर गाडी गेली. तिथल्या बेथ एल सिनेगॉगमध्ये त्या काळी उभं राहायलाही जागा नसायची म्हणे. त्यांचा आवाज इतका मोठा आहे, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. संध्याकाळी आम्ही खाडीवर तशलिखला गेलो, वर्षभराची पापं पाण्यात सोडायची प्रार्थना म्हटली आणि परत आलो.

रोश हशाना आणि योम किप्पूर यांच्यामधले दिवस माफी मागायचे. देवाची माफी सिनेगॉगमध्ये मिळते, पण माणसाचं केलेलं वाईट त्या माणसाकडूनच माफ करून घ्यावं लागतं, असा आमचा धर्म सांगतो. त्या आठवड्यात इस्रायलला सगळ्यात जास्त फोन होतात. मुलगा फोनवर म्हणाला, ‘आई, वर्षभरात काही दुखावलं असेल तर माफ कर.’ मीही तेच म्हटलं. दरवर्षी तेच शब्द असतात, आणि ते म्हणायचे असतात, म्हणून खूप काही बोललं जातं जे एरवी राहून गेलं असतं.

योम किप्पूरला आमच्यात दरफाळणीचा सण म्हणायचे. पूर्वी कोकणात त्या दिवशी दारं लावून सगळं घर आत बसायचं, कुणाशी संपर्क नाही, पांढरे कपडे, दिवसभर उपास. पूर्वजांचे आत्मे त्या दिवशी घरी येतात अशी श्रद्धा होती. पुढे सिनेगॉग बांधले गेले आणि बंद दारामागचा सण एका छताखाली आला. मुंबईतला पहिला १७९६ चा, सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेला. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी तो बांधला. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं आमच्याकडे सांगतात, कारण सिनेगॉगला आमचे लोक मशीदच म्हणायचे.

२०२५ मध्ये उपास १ ऑक्टोबरला सूर्यास्ताच्या आधी सुरू झाला. पाचलाच हलकं जेवण, भात आणि मीठ-तिखट कमी घातलेला कोंबडीचा रस्सा, कारण तिखट खाल्लं तर दुसऱ्या दिवशी तहानेनं जीव जातो. कल्याण-अंबरनाथहून आलेली मंडळी जवळच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला. चामड्याची चप्पल चालत नाही, म्हणून सगळ्यांच्या पायांत रबरी किंवा कापडी. कोल निद्रेला, म्हणजे उपासाच्या पहिल्या रात्रीच्या प्रार्थनेला, सिनेगॉगमध्ये काचेच्या हंड्यांत तेलाचे दिवे लावलेले, आणि वरून पाहिलं तर खाली सगळं पांढरं. मी स्वतः आईची पांढरी साडी नेसते.

दुसरा दिवस दसरा. आदल्या रात्रीची धरून प्रार्थना पाच. दुपारी सगळ्यात जड जातं. डोकं दुखायला लागतं, चहाची सवय असलेल्यांचे हाल होतात. कुणी लवंगा टोचलेलं लिंबू हुंगायला आणतं, ते हातोहात फिरतं. मिन्हाच्या, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेच्या, वेळी योनाचं पुस्तक वाचतात: देवापासून पळून जहाजात बसलेला योना, वादळ, समुद्रात फेकलं जाणं. फुटलेल्या जहाजातून आलेल्यांच्या वंशजांनी कोकणाच्या किनाऱ्यावर ही कथा ऐकायची, याचं मला दरवर्षी नव्यानं काही वाटतं.

शेवटची प्रार्थना नईला. हेखालाची दारं उघडी असतात आणि तोवर सगळे उभे. आत वर्षाचा निवाडा बंद होत असतो आणि बाहेर टेंभी नाक्यावर ढोल-ताशे सुरू झाले. आधी लांबून, मग अगदी भिंतीशी. हझानचा आवाज त्यात बुडायला लागला. तेव्हा खालून एकानं जोर लावला, मग दुसऱ्यानं, मग वरच्या सज्जातून आम्ही सगळ्या. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या घशांतून एवढा आवाज निघतो यावर विश्वास बसत नाही. ‘शेमा इस्राएल’ म्हटलं तेव्हा भिंतीला टेकवलेल्या माझ्या हाताला कंप लागत होता. तो ढोलाचा की आमचा, ते कळलं नाही. बाहेरच्यांचा त्यात काही दोष नव्हता, त्यांचाही तो मोठा दिवस. मग शोफारचा एक लांब सूर, आणि उपास संपला.

त्यानंतर हातबोशी. वडीलधाऱ्या माणसाचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, सोडायचे आणि आपली बोटं ओठांना लावायची. हझानपासून सुरू होतं आणि एकाकडून दुसऱ्याकडे पोचत जातं. जिन्यात, दारात, आवारात, सगळीकडे. ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नाही त्यांच्याशीही करावं लागतं. दोन चुलतभाऊ, जागेच्या वादावरून अबोला धरलेले, जिन्याच्या खालच्या पायरीवर समोरासमोर आले. धाकट्यानं हात पुढे केले. थोरल्यानं ते धरले आणि सोडलेच नाहीत, मागच्या रांगेतले सगळे खोळंबले.

आवारात मनुकांचं सरबत, केळी, रव्या-खोबऱ्याच्या सारणाच्या पुऱ्या आणि चहा. त्या पुऱ्या आम्ही आदल्या दिवशीच तळून ठेवल्या होत्या. चहा मात्र किती केला तरी पुरला नाही. घरी कुणीच जाईना. पूर्वी उपास सुटला की लोक अर्ध्या तासात पांगायचे. नवरा म्हणाला, ‘खुर्च्या उचलायला घेऊ का?’ मी म्हटलं, ‘राहू द्या.’ दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्माचा आणि एकमेकांकडे जाण्याचा.

सुक्कोथचा मांडव घालायला तरुण मुलं लागतात आणि ती आली, हे विशेष. बांबूंची चौकट, वर नारळाच्या झावळ्या. छत असं हवं की दिवसा ऊन कमी आणि सावली जास्त, पण रात्री तारे दिसावेत. आतून दोऱ्यांनी मोसंबी, सफरचंद, डाळिंबं, केळ्यांचे घड टांगलेले. लुलाव (खजुराची कोवळी पात), हदास (मर्टलच्या फांद्या), अरावा (विलोच्या फांद्या) आणि एथ्रोग, म्हणजे महाळुंगाच्या जातीचं फळ, हे चारही हातात धरून आशीर्वाद म्हणायचा. मिसरातून, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून, सुटल्यावर आमचे पूर्वज चाळीस वर्षं रानात मांडवांत राहिले, त्याची ही आठवण. या सणात पाहुणा बोलावणं हा धर्माचाच भाग आहे. अब्राहामपासून दावीदपर्यंत सात पूर्वज मांडवात येतात असं मानतात, मग जिवंत शेजाऱ्यांना का नाही?

पहिली रात्र कोजागिरीची होती. म्हणून बेत मुद्दाम बिनमांसाचा ठेवला: वालाचं बिरडं, भात, घावन, भोपळ्याच्या घाऱ्या. म्हणजे नंतर मसाला दूध पिता येईल. सूर्यास्तानंतर सणाच्या दिवशी नवा विस्तव पेटवायचा नसतो, म्हणून दूध आधीच आटवून मंद आचेवर ठेवलं. सिनेगॉगच्या आजूबाजूची मंडळी, समोरचे औषधवाले, माझ्या इमारतीतल्या जोशीण काकू, सगळ्यांना बोलावलं होतं. काकू मांडवात शिरल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, ‘अगं, हे तर आमच्या गावाकडच्या लग्नाच्या मांडवासारखं!’ चंद्र ढगाआड होता. दूध वाटून होईपर्यंत तो वर आला आणि झावळ्यांच्या फटींतून पेल्यांत उतरला. कुणीतरी म्हणालं, ‘आता पिऊ या.’ आम्हा दोघींना एकाच वेळी बरोबर वाटेल असं जेवण वर्षातून एकदाच जुळतं. काकूंनी मांडवाचा सगळा अर्थ विचारून घेतला आणि निघताना मी त्यांच्या नातीच्या हातात एक डाळिंब दिलं.

सिम्हाथ तोराच्या रात्री दुकानांतून आकाशकंदील लागले होते. तोराचं वर्षभराचं वाचन त्या सणात संपतं आणि त्याच बैठकीत उत्पत्तीपासून पुन्हा सुरू होतं. हेखालातले सगळे सेफेर, म्हणजे तोराच्या गुंडाळ्या, बाहेर काढतात. चांदीच्या घुंगरांचा आवाज करत, तेवाभोवती सात फेऱ्या. सेफेर उचलायचा मान, पहिली फेरी धरायचा मान, यासाठी बोली लागते. पैसे सणानंतर द्यायचे, त्या वेळी फक्त शब्द. रात्रपाळीच्या त्या मुलानं शेवटच्या फेरीची बोली लावली. त्याच्या वरची बोली आली नाही. त्याला जाणूनबुजून दिली असावी, पण ते कुणी बोललं नाही. पुरुष घाम निथळेपर्यंत नाचले. मुलांवर गोळ्या-चॉकलेटं उधळली. मांडवातली फळं नंतर वाटून टाकली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही हिशेबाला बसलो. खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला होता, पण वर्गणीही जास्त आली होती. गॅसच्या शेगड्यांचं भाडं वाचवायला दोन शेगड्या विकत घ्यायचं ठरलं. मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी राहावीत म्हणून कपाटाला दोन कुलपं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी रात्री शब्बाथचं जेवण आवारात करायचं, हेही ठरलं. कुणी मत मांडलं की सणाला ठीक, दर महिन्याला माणसं येणार नाहीत. मला तसं वाटत नाही. माणसं जेवणासाठी येत नसली तरी जेवण आहे म्हणून एकमेकांसाठी येतात, हे मी या महिनाभर पाहिलं. आणि आम्हाला अजून किती वर्षं मिन्यान जमेल याची जी काळजी सगळे करतात, तिच्यावर मला तरी एवढाच उपाय दिसतो की जमणाऱ्यांना एकमेकांची ओढ राहावी.

डिसेंबरात हनुक्काला, आमच्या दिव्यांच्या सणाला, अलिबागला जायचं आहे. इस्रायल आळीतल्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये, जो १८४८ साली उभा राहिला. आता तिथली आमची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ठाण्याहून पेण-वडखळमार्गे एक मिनीबस ठरवली आहे. दहा पुरुष नक्की झाले आहेत, आणखी काही नावं यायची आहेत. आधी दिवे लावायचे, मग एलियाहू हानाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावानं मलिदा. पोहे, नारळ, साखर, वेलची, सुका मेवा इथून न्यायचा. केळी मात्र अलिबागच्याच बाजारात घ्यायची, असं मावशींनी बजावून सांगितलं आहे, आणि त्या स्वतःही येणार आहेत. बसच्या पायऱ्या उंच आहेत, म्हणून एक लाकडी स्टूल बरोबर घ्यायचं लक्षात ठेवायला हवं.